टॉवर उभा राहायला दोन फेऱ्या लागतात

प्रश्न असा आला आहे: "मी एका व्यवस्थापन संस्थेत शिकवते. एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला 48 मुलं आहेत, बरीचशी इंजिनिअर. मोबाइल कंपनी कशी चालते हे शिकवायला सिम्युलेशन गेम घ्यावा असं आमच्या विभागात चाललंय. तयार सॉफ्टवेअर विकत घ्यावं की आपणच काही जुळवावं? मुलं नुसती जिंकायला खेळतील, शिकणार नाहीत, अशी धास्ती वाटते. आणि गुण कसे द्यायचे?"

मॅडम, गेम जरूर घ्या. फक्त पहिल्या वर्षी सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. एक एक्सेल शीट, कागद, पाकिटं आणि एक फासा एवढ्यावर भागतं. मी वीसेक वर्षं एका मोबाइल कंपनीच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणजे सेवेच्या विभागात, काढली, आधी नेटवर्क प्लॅनिंगला, नंतर टॅरिफला, म्हणजे दर ठरवण्याच्या कामाला. आता आठ-नऊ वर्षं पुण्यातल्या दोन-तीन संस्थांमध्ये हाच खेळ घेतोय. खाली लिहितोय त्यातलं निम्मं माझ्या स्वतःच्या चुकांमधून आलंय.

हा धंदा खेळातूनच का शिकवायचा, ते आधी सांगतो. साबणाच्या कारखान्यात जास्त वड्या विकायच्या तर जास्त तेल, जास्त सोडा लागतो. मोबाइल कंपनीचा खर्च ग्राहक दारात यायच्या आधीच होऊन बसलेला असतो: स्पेक्ट्रम (सरकारकडून घेतलेल्या रेडिओ लहरी), टॉवरचं भाडं, वीज, डिझेल, कर्जाचं व्याज. रात्री अकराला रिकाम्या पडलेल्या साइटवरून, म्हणजे टॉवरवरून, आणखी एक कॉल गेला तर कंपनीला जवळजवळ काहीच पडत नाही. त्यामुळे टॅरिफच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच मोह होतो: दर जरा उतरवू, शेजारचे ग्राहक ओढू, येईल ते वरचंच. हे फळ्यावर लिहिलं की मुलं माना डोलावतात आणि चहाला जाईपर्यंत विसरतात. स्वतःच्या हातून झालं की नाही विसरत.

तुमच्याकडे 48 मुलं आहेत, हे फार सोयीचं आहे. चार-चार जणांचे बारा गट करा. पण बारा कंपन्यांचा एक बाजार करू नका. चार-चार कंपन्यांचे तीन वेगळे बाजार करा. तिघांना तेच नियम, तेवढेच पैसे, तेवढेच ग्राहक. एका बाजाराचा दुसऱ्याशी संबंध नाही. याचं कारण पुढे येईल.

एक फेरी म्हणजे एक तिमाही. माझ्या शीटमधली सुरुवात अशी आहे. बाजारात एक कोटी ग्राहक, प्रत्येक कंपनीकडे 25 लाख. महिन्याची सरासरी कमाई माणशी 180 रुपये, म्हणजे तिमाहीला 135 कोटी. त्यातून लायसन्स फी आणि दुकानदाराचं कमिशन मिळून 12 टक्के जातात, 16 कोटींच्या आसपास. बांधील खर्च 95 कोटी. हातात उरतात साधारण 24 कोटी. आता एका गटाने दर 15 टक्क्यांनी उतरवला, 153 वर आणला, आणि बाकीचे गप्प बसले, तर शीट त्या गटाला पाच लाख ग्राहक देते. त्याचे 24 चे 26 कोटी होतात. उरलेल्या तिघांचे प्रत्येकी 16 वर येतात. पुढच्या फेरीत ते तिघेही 153 वर येतात, यायलाच लागतं, आणि ग्राहक पुन्हा 25-25-25-25. मग प्रत्येकाच्या हातात उरतात सहा कोटी. ग्राहक तेवढेच, टॉवर तेवढेच, काम तेवढंच, आणि 24 चे सहा. एवढ्यात कुणीतरी चिडून आणखी 10 टक्के उतरवतोच. सगळे त्याच्या मागे गेले की चारही कंपन्या चार-चार कोटींच्या तोट्यात.

ज्या गटाने पहिल्यांदा दर उतरवला त्यांचा चेहरा त्या वेळी बघावा. त्यांनी चूक केलीय असं त्यांना वाटतच नाही, आणि त्यांचं गणित खरोखर चुकलेलंही नसतं. त्यांना दोन कोटी जास्त मिळालेच होते, एका तिमाहीपुरते. इथे मी खेळ थांबवतो आणि 2009 सांगतो. त्या जूनमध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा हिशेब सुरू केला. काही महिन्यांत सगळा बाजार सेकंदांवर आला. मग 2016 चा सप्टेंबर. जिओ आली, व्हॉइस फुकट झाला, आणि दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया 31 ऑगस्ट 2018 ला एक झाल्या. दर पुन्हा चढले ते डिसेंबर 2019 मध्ये, तेव्हा तिन्ही खासगी कंपन्यांनी ते एकाच आठवड्यात वाढवले. मुलांना हा सगळा इतिहास इंटरनेटवर मिळतो. स्वतःचे 24 चे सहा कोटी झाल्यावर तो वेगळा वाचला जातो, एवढंच.

आता तीन बाजारांचं कारण. चौथ्या फेरीनंतर तिन्ही बाजारांचे आकडे शेजारी-शेजारी लावा. माझ्याकडे एका वर्षी पहिल्या बाजारात दुसऱ्याच फेरीत दर कोसळले होते, दुसऱ्यात कुणी हाललंच नव्हतं, तिसऱ्यात एक गट महाग राहून नेटवर्कवर खर्च करत होता आणि बरा चालला होता. नियम तेच, पैसा तोच. "बाजारच असा आहे, आम्ही काय करणार" हे वाक्य त्या तक्त्यासमोर टिकत नाही. एकच बाजार ठेवला असता तर प्रत्येकाला वाटलं असतं की घडलं तेच घडणार होतं.

दर फेरीआधी प्रत्येक गटाकडून एक पाकीट घ्या. आत एवढंच: बाकीचे तिघे या तिमाहीत कोणता दर लावतील? निकालानंतर पाकिटं उघडायची. माझा अनुभव असा की पहिल्या तीन फेऱ्यांत बहुतेक गट शेजाऱ्याचा मागच्या फेरीतलाच दर लिहून देतात, जणू शेजारी झोपलेलाच राहणार आहे. टॅरिफला असताना आमच्या सर्कलची टीमही नेमकं हेच करायची, पगार घेऊन.

खेळाचा दुसरा खांब म्हणजे वेळ. नवी साइट आज मंजूर केली तरी ती दोन फेऱ्यांनी सुरू होते. पैसे मात्र आजच जातात. मुलं कुरकुरतात, "सर, सहा महिने?" मग त्यांना सांगतो: जागा शोधायची, सोसायटीची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी, महावितरणचं कनेक्शन, आणि सगळं जुळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना रेडिएशनची भीती वाटते आणि पुन्हा पहिल्यापासून. ही दोन फेऱ्यांची दिरंगाई काढून टाकली तर खेळ निम्मा मरतो. कारण दर युद्धात हात पोळलेला गट पहिली कात्री नव्या साइटवरच चालवतो. त्याचा फटका त्या तिमाहीत दिसतच नाही, उलट नफा बरा दिसतो. तिसऱ्या फेरीत कॉल अडायला लागतात आणि पोर्ट आउट (ग्राहक नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जाणं) सुरू होतात, तेव्हा कोणता निर्णय कशाला कारण झाला हे गटात कुणालाच आठवत नाही. म्हणून प्रत्येक गटाला एक वही ठेवायला लावा: फेरी, निर्णय, का घेतला, एक ओळ. शेवटच्या दिवशी ती वही निकालाच्या शीटपेक्षा जास्त कामाला येते.

तुमची मुलं इंजिनिअर आहेत म्हणून एक तास एर्लांगला द्या. डेन्मार्कचा हा गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. अडणाऱ्या कॉलचं त्याचं सूत्र 1917 चं आहे आणि आम्ही जीएसएमच्या, म्हणजे टूजी मोबाइलच्या, काळातही तेच वापरत होतो. मुलांना फक्त दोन आकडे द्या. शंभरातले दोन कॉल अडले तरी चालतील असं धरलं, तर सात चॅनलवर (एका चॅनलवर एका वेळी एकच कॉल) साधारण 2.9 एर्लांग भार बसतो; सतत चालू असलेला एक कॉल म्हणजे एक एर्लांग. चौदा चॅनलवर किती? वर्ग म्हणतो, दुप्पट, 5.8. उत्तर 8.2 आहे. चॅनल दुप्पट, भार पावणेतीन पट. गर्दी एकत्र केली की रिकामी जागा एकमेकांच्या उपयोगी पडते, बँकेत प्रत्येक खिडकीला वेगळी रांग लावण्याऐवजी एकच रांग लावल्यासारखं. मोठी कंपनी त्याच दरात का तगते आणि छोटी का गळपटते, स्पेक्ट्रमचे तुकडे इतके का भांडून घेतले जातात, याचं एक उत्तर या दोन आकड्यांत आहे. आजचा भार डेटाचा आहे आणि हे सूत्र त्याला जसंच्या तसं लागत नाही. पण गर्दीच्या तासासाठी नेटवर्क बांधावं लागतं आणि उरलेला दिवस ते रिकामं बसतं, हे तेव्हाही होतं, आताही आहे.

यावरून माझं आवडतं कार्ड, म्हणजे खेळात मध्येच टाकायचा प्रसंग: आषाढी. तिसऱ्या किंवा चौथ्या फेरीत मी ते काढतो. पंढरपुरात लाखो वारकरी, चार-पाच दिवस. कायमची साइट वाढवणं परवडत नाही, कारण द्वादशीनंतर ती रिकामी. चाकांवरचा फिरता टॉवर आणता येतो, पण त्याचा खर्च आणि माणसं गटाच्या खिशातून. (त्याला सेल ऑन व्हील्स म्हणतात आणि आम्ही 'काऊ' म्हणायचो, गावातली पोरं विचारायची, काका, काऊ कुठेय, आणि वर बघायची.) बहुतेक गट म्हणतात, एवढ्या कमाईसाठी नको. हिशेबाने बरोबर. फक्त माझी शीट पुढच्या दोन तिमाहीत त्यांचे ग्राहक सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूने हळूहळू गळवते. एकादशीला ज्याला घरी फोन लागला नाही, तो माणूस गावी जाऊन सिम बदलतो. हा आकडा मी अनुभवाने बसवलाय. तुम्ही तुमचा बसवा. कोकणात गणपतीचं कार्डही असंच चालतं.

लिलावाला अख्खं एक सत्र ठेवा. 2010 चा थ्रीजी लिलाव 34 दिवस आणि 183 फेऱ्या चालला, आणि शेवटी एकाही खासगी कंपनीला 22 च्या 22 सर्कल मिळाली नाहीत. मुंबईच्या एका तुकड्याला सुमारे 3,247 कोटी, आणि गोव्यासकट उरलेल्या महाराष्ट्राला सुमारे 1,258 कोटी. स्पेक्ट्रम तोच. एवढा फरक का, हे वर्गाला विचारा आणि दहा मिनिटं गप्प बसा. मग मुलांना पाच तुकडे आणि चार कंपन्या देऊन उघडा लिलाव घ्या. चारही गटांना एकेक मिळून वर एक उरतो, म्हणजे भांडायचं कारण फारसं नसतं, तरी भांडतात. जिंकलेला गट टाळ्या वाजवतो आणि दोन फेऱ्यांनी व्याज भरताना त्यांची वाचा बसते. कुठला तरी गट येऊन विचारतोच, "सर, त्यांचं स्पेक्ट्रम आम्ही भाड्याने वापरलं तर?" तेव्हा सांगायचं की थ्रीजीत एअरटेल, व्होडाफोन, आयडियाने हेच केलं होतं, दूरसंचार विभागाने हरकत घेतली, आणि 2014 मध्ये टीडीसॅटने, म्हणजे दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणाने, कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला. उलट उदाहरणही द्या: 2016 मध्ये 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यातल्या स्पेक्ट्रमचा राखीव, म्हणजे किमान, दर देशभरासाठी मेगाहर्ट्झमागे 11,485 कोटी होता आणि एकही बोली आली नाही. सरकारही या खेळातला एक गट आहे.

सरकारचं काम तुम्ही स्वतः करा, मुलांकडे देऊ नका. दोन कार्डं पुरेत. एक इंटरकनेक्टचं: दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल उतरला की मिनिटाला 14 पैसे द्यावे लागायचे, ते 1 ऑक्टोबर 2017 पासून सहा झाले आणि जानेवारी 2021 पासून शून्य. ज्यांच्याकडे कॉल जास्त येतात ते आरडाओरडा करतात, ज्यांचे कॉल जास्त बाहेर जातात ते खूश. दुसरं एजीआरचं, म्हणजे लायसन्स फी ज्या कमाईवर लागते तिचं. कंपनीच्या कमाईत व्याज, भाडं, भंगार विकून आलेले पैसे धरायचे की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली. मागची सगळी थकबाकी व्याज-दंडासकट समोर आली. हे कार्ड सहाव्या फेरीत काढलं की वर्गात "हा अन्याय आहे" असा गलका होतो. होऊ द्या. मग विचारा, पहिल्या फेरीत दिलेल्या नियमांच्या कागदावर तळाला "कमाईच्या व्याख्येबाबत वाद प्रलंबित" ही ओळ किती जणांनी वाचली होती. मी ती ओळ मुद्दाम छोट्या अक्षरात ठेवतो.

आता माझ्या चुका. पहिल्या वर्षी मी गटांना दर फेरीला 23 निर्णय घ्यायला लावले. हौस, दुसरं काय. अँटेनाचा कोन सोडून सगळं होतं त्यात. मुलं शीट भरण्यातच दमली, शेजारच्या गटाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आता पाचच ठेवतो: दर, नव्या साइट, दुकानदाराचं कमिशन, असलेले ग्राहक टिकवण्यावरचा खर्च आणि कर्ज. त्यातला टिकवण्याचा खर्च मुलं नेहमी शून्य करतात, कारण महिन्याला तीन टक्के ग्राहक जाणं त्यांना किरकोळ वाटतं. वर्षाअखेर शंभरातले 69 उरतात, हे त्यांनाच कॅल्क्युलेटरवर काढायला लावा.

दुसऱ्या वर्षी एका हुशार पोराने माझं सूत्र उलगडलं, एक्सेलचा सॉल्व्हर लावला आणि सगळ्यात फायद्याचा दर काढून बसला. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, त्याने माझ्याच शीटची परीक्षा घेतली होती. तेव्हापासून ग्राहक किती सरकतील हा आकडा मी फाशाने थोडा वर-खाली करतो.

तिसरी चूक मोठी होती आणि ती एका मुलीने दाखवली. वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या काकांचं तालुक्याच्या गावी रिचार्जचं दुकान, सुट्टीत ती तिथे बसायची. चौथ्या फेरीनंतर म्हणाली, "सर, तुमच्या शीटमधली माणसं खरी नाहीत. आमच्याकडे माणूस एक सिम बोलायला ठेवतो, एक नेटला. स्कीम आली की नवीन घेतो, जुनं टाकत नाही. तुमच्या 25 लाखांतले किती चालू आहेत?" मी सर्कल ऑफिसात रोज व्हीएलआरचा, म्हणजे खरोखर चालू असलेल्या सिमचा, आकडा बघणारा माणूस, आणि माझ्या शीटमध्ये चालू आणि बंद सिम हा फरकच नव्हता. दूरसंचार नियामक ट्राय दर महिन्याला एकूण ग्राहक आणि चालू ग्राहक असे दोन्ही आकडे छापते, ते याचसाठी. आता गटांना एकूण ग्राहकांचा आकडा फुकट मिळतो आणि चालू ग्राहकांचा आकडा पाहिजे असेल तर 50 लाख मोजावे लागतात. अर्धे गट ते पैसे वाचवतात आणि मेलेल्या सिमवर कमिशन वाटत बसतात.

मुलं नुसती जिंकायला खेळतील, ही तुमची धास्ती रास्त आहे. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे शेवटची फेरी कुणालाच माहीत नसणं. आठवी शेवटची असं जाहीर केलं की आठवीत कुणी साइट बांधत नाही, टिकवण्याचा खर्च शून्य, दर तळाला. कंपनी विकून पळाल्यासारखे वागतात. मी सातवीपासून दर फेरीनंतर फासा टाकतो. पाच किंवा सहा पडले की खेळ संपला. एका वर्षी अकरा फेऱ्या झाल्या, संस्थेच्या शिपायाने दिवे घालवायला सुरुवात केली होती.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जरूर बघा, पण विक्रेत्याला तीन गोष्टी विचारून. हा खेळ मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीचा आहे की हँडसेट बनवणाऱ्या? 'टेलिकॉम' नावाखाली हँडसेटचाच खेळ बऱ्याचदा विकला जातो, आणि तो म्हणजे आपला साबणाचा कारखाना. एका गटाने दर बदलला की दुसऱ्याचे ग्राहक हलतात की प्रत्येक गट संगणकाशी एकटाच खेळतो? आणि आकडे आपल्याला बदलता येतात का? युरोपातला पोस्टपेडवाला ग्राहक धरून बनवलेल्या खेळात आपला प्रीपेडवाला, दोन सिमवाला ग्राहक कुठेच बसत नाही.

वेळ म्हणाल तर पहिली फेरी दीड तास खाते, नंतरच्या पाऊण तासात होतात. दर दोन फेऱ्यांनंतर तासभर नुसतं बोलणं ठेवा. वेळ कमी पडला तर फेरी गाळा, बोलणं गाळू नका. शक्य असेल तर तीन बाजार तीन खोल्यांत बसवा, नाहीतर एकमेकांचे दर ऐकू येतात.

आणि गुण. मी नफ्याला 100 पैकी फक्त 20 देतो, तेही त्याच बाजारातल्या बाकी तिघांशी तुलना करून, कारण दर युद्ध पेटलेल्या बाजारात सगळ्यात कमी तोटा करणंही कौशल्य आहे. 30 पाकिटांतल्या अंदाजाला, पण पहिल्या तीन फेऱ्या सोडून. उरलेले 50 वहीला आणि तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न असतो: वहीतलं एक पान उघडतो आणि विचारतो, हा निर्णय घेताना तुम्हाला काय माहीत नव्हतं, आणि ते किती पैशांत कळलं असतं. गेल्या वर्षी तोट्यात बुडालेल्या एका गटाला मी 50 पैकी 46 दिले. जिंकलेला गट तक्रार घेऊन विभागप्रमुखांकडे गेला, म्हणून ही विभागणी पहिल्याच दिवशी लेखी देऊन मुलांच्या सह्या घ्या.